रथसप्तमीपासून, रोज चार ते सात

रविवार, ११ जानेवारी १९८७. मुलुंड.

मनसुखभाई पुन्हा येऊन गेले. या खेपेला टेप घेऊन. बाहेरची खोली लांबीत मोजली, रुंदीत मोजली, कॅसेटची कपाटं कुठं लागतील ते शरदला बोटानं दाखवलं. त्यांना व्हिडिओ लायब्ररी काढायचीय. "पाडव्याचा मुहूर्त करू ने, शरदभाई." शरद म्हणाला, बघू. माझा भाऊ 'बघू' म्हणाला की समजायचं, झालं.

त्याची बायको वृंदा त्याच खोलीत उभी होती. तिचं टेबल, तिचा शेकाचा दिवा, भिंतीवर खांद्याच्या व्यायामाचं चाक. बाई स्वतःच्या दवाखान्यात उभी राहून दवाखाना मोजणाऱ्याला चहा विचारते. विचारते काय, देते. आलं घालून!

मी आत मेथी निवडत होते. सगळा राग मेथीवर काढला. आई म्हणाली, "गो नलू, काड्या टाक, पानां नको टाकू."

मग वृंदाला विचारलं, तू बोलली का नाहीस?

"काय बोलू ताई? पेशंट नाहीतच तर."

"कुणाला माहीत तरी आहे का तू इथं बसतेस ते?"

"काम चांगलं असलं की लोक येतात आपोआप."

कुठून येतात? वास घेत?

बुधवार, १४ जाने. संक्रांत.

ऑफिसात तिळगूळ, गोड बोला, आणि दिवसभर बाम. डोकं, कंबर, पाठ, सगळ्यावर एकच बाम. जाहिरातीचा मराठी मजकूर माझा. 'वेदना पळाली, हसू परतलं.' साहेब खूश. परतीची बस पवईला बंद पडली. तळ्याकाठी उभं राहून डोक्यात एकच. ज्या बामनं माझी स्वतःची कंबर कधी दुखायची राहिली नाही त्याची मी एवढी आरती ओवाळते. आणि घरात जिच्या हातानं बाबा उठून बसले, तिच्यासाठी एक ओळ नाही.

बाबांना झटका आला तेव्हा हॉस्पिटलात म्हणाले होते, आता अंथरूणच. गिरणीत आयुष्यभर जॉबरच्या धाकात उभा राहिलेला माणूस. वृंदानं त्यांना याच बाहेरच्या खोलीत सहा महिने रोज उभं केलं. फाटकापर्यंत चालत गेले होते. फाटकाला हात लावून ओरडले होते, "सून नाय, जॉबर आसा!" शरदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते शरद विसरलाय असं नाही. पण खोली रिकामी दिसते आणि मनसुखभाई भरलेले दिसतात.

रवि. १८

आज बसवलं तिला समोर. म्हटलं, समज मी तिसऱ्या मजल्यावरची बाई आहे, मला काही माहीत नाही. एका वाक्यात सांग, तू काय करतेस?

"मी... घरीच असते. थोडंफार बघते."

"काय बघतेस? टीव्ही?"

"दुखणंबिखणं. म्हणजे जमेल तसं."

कप्पाळ! पदवी आहे, म्युनिसिपल हॉस्पिटलची नोकरी झालीय (पिंकी झाल्यावर सोडली), आणि म्हणे जमेल तसं. पाटी केलीय तीसुद्धा खोलीच्या आत लावलीय. आत आल्यावर माणसाला कळतं की आपण आत आलो.

म्हणते, आमच्याकडे स्वतःची टिमकी वाजवणं कुणाला आवडत नसे. तिच्या आईला सगळी आळी शिवायला कपडे द्यायची, आणि आई म्हणायची, काही नाही हो, आपलं उगीच दोन टाके. वृंदा हे अभिमानानं सांगते. मला त्या माउलीला भेटून हलवावंसं वाटतं.

संध्याकाळी जिन्यात कुलकर्णीकाकू भेटल्या. उजवा हात पोटाशी धरलेला. खांदा आखडलाय, दिवाळीपासून. वेणी सून घालून देते. कोणीतरी तेल लावणारी बाई भांडुपहून येते म्हणे. वृंदानं हात बघितला, मी तिला बघताना बघितलं. डॉक्टरीण बघते तसं. आणि बोलली काय? "थंडी फार आहे ना यंदा."

घरात आल्यावर मी तापलेच. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून कसं सांगू? आगाऊपणा वाटेल."

शनि. २४

कार्डं आली. ऑफिसच्या छापखान्यातून, पांढरीशुभ्र, जाड.

वृंदा सावंत
फिजिओथेरपिस्ट
पाठ, मान, खांदा, गुडघा
रथसप्तमीपासून रोज सायंकाळी ४ ते ७

खाली पत्ता. रथसप्तमी मी घातली. नुसतं 'रोज' लिहिलं की लोक 'जाऊ कधीतरी' म्हणतात, दिवस दिला की पाऊल उचलतं. धंद्यातली गोष्ट आहे.

वृंदा कार्डाकडे बघतच राहिली. अंगठ्यानं नाव पुसून बघितलं, निघतंय का. मग म्हणाली, "सौ. नाही घातलंस?" मी म्हटलं, दुखणं बघणं हे सौ.चं नाही, वृंदाचं काम आहे. मग हसली. पण वाटायचं नाव काढलं की पाय मागे. "मी? वाटू? सर्कसच्या कागदांसारखं?"

शेवटी आईनं तोड काढली. १ तारखेला हळदीकुंकू आहेच. वाणाबरोबर दे. वाण कुणी नाही म्हणत नाही. वाण काय? आईनं दादरहून कंगवे आणलेत. फणी-करंडा जुना रिवाज, म्हणे. झकास. वृंदाही 'चालेल' म्हणाली, कारण हळदीकुंकवात काही बोलावं लागत नाही.

रवि. १ फेब्रु.

हळदीकुंकू. बायका पुष्कळ, आमच्या इमारतीतल्या नि मागच्या दोन्हींतल्या.

आई आणि मी आत. बाबा गेल्यापासून आई बायकांपुढं बाहेरच्या खोलीत येत नाही, या दिवशी मुळीच नाही. मी त्रेचाळीस वर्षांची कुमारिका, मला कुंकू लावायचं का नुसता तिळगूळ द्यायचा हा बायकांना दरवर्षी पडणारा पेच, म्हणून मीच मसाला दूध ढवळत बसते. पडद्याच्या फटीतून सगळं दिसतं.

वृंदा सुंदर दिसत होती, काळी चंद्रकळा. कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, कंगवा, वर कार्ड. आणि प्रत्येकीला एकच वाक्य, "या हं. नक्की या." बस्स! एवढंच. कशाला या, का या, ते गुलदस्त्यात. बायकाही, "हो हो, येणार तर!" मी आतून हातवारे करतेय, खांदा दाखवतेय, ती बघतच नाही.

कुलकर्णीकाकू कंगवा बघून म्हणाल्या, "मला काय उपयोग गं, हात डोक्यापर्यंत जातोय कुठं." आता तरी! वृंदा म्हणाली, "या हं काकू. नक्की या."

भिंतीवर डोकं आपटायचं बाकी होतं.

एक बरं झालं. उरलेली कार्डं बघितली तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. आईचं काम. देवापुढचं कुंकू घेऊन सकाळी बसली होती. "लग्नाच्या पत्रिकेक लावतत ना? मगे? नवो कागद बिनकुंकवाचो कसो देवचो?" मी म्हटलं, आई, तू माझ्यापेक्षा हुशार. कुंकू लावलेला कागद बाई टाकत नाही. साहेबांना सांगायला पाहिजे.

गुरु. ५ फेब्रु. रथसप्तमी

वाट लागली. आणि नाहीही. क्रमानं लिहिते.

ऑफिसातून आले तो दारात चपलांचा ढीग. मला वाटलं, कोणी गेलं की काय. आत बघते तर बाहेरची खोली बायकांनी गच्च. रेशमी साड्या, गजरे. कोणी खुर्च्यांवर, कोणी जमिनीवर सतरंजीवर, आणि दोघीजणी वृंदाच्या तपासायच्या टेबलावर पाय हलवत. खिडकीच्या फळीवर नारळ मांडलेले. एकीनं पेढे आणलेले.

उद्घाटन! पत्रिका आली होती ना. कुंकू लावलेली. दिवस रथसप्तमी, वेळ चार ते सात, वर यजमानीण घरी बोलावून म्हणाली, नक्की या. आणखी काय पाहिजे?

म्हणजे आईच्या बोटानं, माझ्या तारखेनं आणि वृंदाच्या गप्प बसण्यानं मिळून हे झालं. तिघींचंही सारखंच काम.

आत स्वयंपाकघरात आई घामाघूम, दोन शेगड्यांवर दूध. "गो बाय माझे, वाटीभर साखर आण खंयसून तरी." वृंदा मोरीपाशी उभी, चेहरा पिठासारखा. "ताई, त्या पूजा कधी म्हणून विचारतायत. मी काय सांगू? तू सांग ना. तुला बोलता येतं."

खरं सांगते, पाय निघाला होता माझा. मी बाहेर जाऊन दोन मिनिटांत झकास भाषण ठोकलं असतं. मग काय कोण जाणे, म्हटलं, नाही. कार्डावर माझं नाव नाही. कुंकवाचं तबक तिच्या हातात दिलं, निदान आलेल्यांना कुंकू तर लाव.

ती गेली. एकेकीला लावत गेली, एकेक बाई तिला उलट लावत गेली. कोणी काही विचारलं की नुसती हसे. मग कुलकर्णीकाकू आल्या. वृंदानं त्यांना लावलं. काकूंनी उलट लावायला हात उचलला, डावा. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो काकू, डाव्या हातानं?" काकूंनी हात मागे घेतला. उजवा उचलायला गेल्या, तो छातीपर्यंत आला आणि थांबला, तोंड वेडंवाकडं झालं. तबकातलं कुंकू जरा सांडलं. काकू म्हणाल्या, "मेला हात. कुंकवालासुद्धा नाही राहिला." त्यांचे डोळे भरले. एवढ्या बायकांपुढं.

वृंदानं तबक खाली ठेवलं.

"मेला नाहीये काकू. आखडलाय. बसा बघू."

तो आवाज मी ओळखला. बाबांना उठवतानाचा. काकूंना स्टुलावर बसवलं, एक हात खांद्यावर, एक कोपराखाली, हळूच फिरवून बघितलं. इथं दुखतं? इथं? रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही ना? काकू नुसत्या मान हलवतायत.

"हा हात वर जाईल," वृंदा म्हणाली. "तेलानं नाही जायचा. रोज यायचं, चार वाजता. दुखेल. मी सांगेन तेवढंच दुखेल. पाडव्याला वेणी घालाल असं मी म्हणत नाही. पण पाडव्याला मला उजव्या हातानं कुंकू लावाल."

मग बाकीच्यांकडे वळून, जणू त्या आत्ताच दिसल्या, "मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा माझा दवाखाना. त्यासाठी बोलावलं होतं."

मग टेबलावरच्या दोघींपैकी एक पाय हलवायची थांबली आणि म्हणाली, "अय्या, मग माझी कंबर बघ ना गं."

मी पडद्याआड रडले. लिहायला काय लाज.

शुक्र. ६

शरदनं सकाळी दाढी करता करता विचारलं, काल काय गोंधळ होता? मी म्हटलं, तुझ्या बायकोनं दवाखाना उघडला. म्हणाला, तो उघडाच होता ना? मी म्हटलं, नव्हता.

म्हणाला, ताई, मला काय हौस आहे का? मनसुखभाई पाडव्याला नारळ फोडायचं म्हणतायत, शब्द दिल्यासारखाच आहे. तोपर्यंत चालला तर बघू. पुन्हा बघू.

वृंदा मात्र दिवसभर घाबरलेली. "मी काय बोलून बसले ताई! एवढ्या बायकांपुढं पाडवा सांगितला. नाही गेला वर तर?" काकू चारला आल्या. चारच्या आधीच.

दुसऱ्या मजल्यावरची शैला दिघे मला नळावर म्हणाली, "मलाही असं काहीतरी शिकव ना." शैला लोकांचं इन्कम टॅक्सचं काम करते. परीक्षा तिनं दिलीय, सह्या तिच्या, आणि विचारलं की सांगते, ह्यांना मदत करते. ह्यांना बेरीज येत नाही.

रवि. १५

शाळा सुरू. विद्यार्थिनी दोन, वृंदा आणि शैला. जागा दवाखाना, वेळ जेवणानंतर, भांडी झाल्यावर. नियम मी केला. 'थोडंफार', 'आपलं असंच', 'जमेल तसं' यातलं काही तोंडातून निघालं की उठून सगळ्यांना चहा करायचा.

पहिल्या तासाभरात चौथा चहा. आई आतून म्हणाली, "शाळा कसली गो ही, हाटेल आसा."

शैला शिकतेय भराभर. "मी इन्कम टॅक्सची कामं करते. नोटीस आली तर घाबरू नका, माझ्याकडे या." टाळ्या! वृंदा अजून खाली बघून बोलते, पण बोलते. बायका येतायत पाच-सहा. काही नुसत्या गप्पा मारायला. एक रोज विचारते, पाय चेपून देतेस का. आधी वृंदा देत होती चेपून. मी डोळे वटारले.

मग शैलानं मला पकडलं. "नलूताई, तू काय करतेस ते सांग की एका वाक्यात."

मी म्हटलं, "मी? मी आपलं ऑफिसात... जाहिरातींचं थोडंफार लिहिते."

दोघी एकदम ओरडल्या. चहा मी केला. पाच कप. आलंही मीच किसलं.

मंगळ. २४

काकू तीन दिवस आल्या नाहीत. आज कळलं. शनिवारी घरी गेल्यावर हात फार ठणकला, रडल्या. त्यांच्या सुनेनं जिन्यात दोघींना सांगितलं, खालच्या मालीशवालीनं हात पार बिघडवला. भांडुपची बाई पुन्हा येतेय.

मालीशवाली! तो शब्द दुपारपर्यंत तिन्ही इमारतींत पोचला असणार. आज संध्याकाळी एकच पेशंट, तेही पत्ता विचारायला आलेलं.

वृंदानं खोली झाडली, दिवा फडक्यानं झाकला. म्हणाली, "गप्प होते तेच बरं होतं ताई. कोणी चांगलं म्हणत नव्हतं, पण वाईटही म्हणत नव्हतं."

बामला कोणी मालीशवाली म्हणत नाही. मी कागदावर लिहून घरी येते, हिला जिन्यात उभं राहावं लागतं.

आईनं दिलं उत्तर, भाकरी थापता थापता. "तुझ्या सासऱ्यान तुका काय कमी शिवी दिल्यान? पाय हलव म्हटलंस की आयमाय काढी. तेव्हा गेलंस तू सोडून?"

वृंदा जेवलीही नाही नीट.

गुरु. २६

वृंदा वर गेली. तिसऱ्या मजल्यावर, आपणहून, न बोलावता. मी सोबत येऊ म्हटलं तर, "नको. तू बोलशील."

पुढचं तिनं सांगितलेलं. दार सुनेनं उघडलं. वृंदा म्हणाली, काकूंना भेटायचंय. काकू पलंगावर, हात गळ्यात बांधलेला. वृंदानं आधी फडकं सोडलं. म्हणाली, "दुखेल असं मी सांगितलं होतं. किती दुखेल ते नीट सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण हात बिघडला नाही. बांधून ठेवलात तर मात्र बिघडेल." मग सुनेला, "मी मालीश करत नाही. हा सांधा आहे, त्याचं शास्त्र आहे, ते मी शिकलेय. तुम्हीपण बसा चार वाजता, बघा मी काय करते ते. पटलं नाही तर भांडुपच्या बाईंना बोलवा, मी वाईट वाटून घेणार नाही."

"मग? सून काय म्हणाली?"

"काही नाही. कॉफी दिली."

सांगताना एकदाही 'थोडंफार' आलं नाही. मी चहा केला, नियम नसताना.

रवि. १ मार्च

काकू येतात, सून सोबत. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम. रोज बोट जिथं पोचतं तिथं सून पेन्सिलीनं रेघ मारते. भिंत खराब होतेय म्हणून शरद कुरकुरला, मग स्वतःच बघत उभा राहिला. "कालच्यापेक्षा वर आहे ना?" त्याला विचारावंसं वाटलं, मनसुखभाईंची कपाटं या रेघांवर लावणार का. गप्प बसले. आजकाल मी बरीच गप्प बसते, सोपं नाही ते.

पाटी बाहेर आली. रंगाऱ्याला वृंदानंच सांगितलं, शरदच्या पाटीच्या शेजारी, खाली नाही.

सोम. १६. धुळवड

रंगामुळे सुट्टी. मनसुखभाई पांढऱ्या झब्ब्यावर गुलाल घेऊन आले. पाटी वाचली. खोलीत तिघी बसलेल्या दिसल्या. मला म्हणाले, "अमारामां कहे छे बेन, बोले तेना बोर वेचाय." बोलेल त्याची बोरं खपतात. म्हटलं, खरंय भाई. म्हणाले, "पण बोर वेचवा दुकान तो जोईए ने," म्हणजे विकायला दुकान तर हवं, आणि हसत शरदकडे गेले. माणूस वाईट नाही. तोच तर त्रास आहे. मान मात्र सारखी चोळतात, वळायचं तर सगळं अंग वळवतात.

शनिवारी ऑफिसात बामची जाहिरात पेपरात आलेली बघितली. साहेब क्लाएंटला म्हणाले, "ही ओळ आमच्या टीमची." मी तिथंच, फाइल धरून. ओठावर आलं होतं. बसमध्ये स्वतःलाच विचारलं, शाळा कुणाची गं?

रवि. २९. अमावास्या

उद्या पाडवा. शरदनं ना हो म्हटलंय ना नाही. वृंदानं तीनदा टेबल पुसलं. काकूंची रेघ वृंदाच्या हनुवटीच्या वर आहे, कपाळाच्या खाली. वृंदा म्हणते, आणखी महिना पाहिजे होता. मी पाडवा का म्हणाले! मी म्हटलं, कारण मी रथसप्तमी म्हणाले. दिवस दिला की पाऊल उचलतं. आता भोगा.

आईनं उद्यासाठी कडुलिंब आणून ठेवलाय. दवाखान्याच्या दारालाही एक डहाळी.

सोम. ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. साखरेची माळ पिंकीनं चाटली, नेहमीप्रमाणे.

मनसुखभाई नवाच्या सुमारास आले. नवी टोपी, हातात नारळ, सोबत हार. शरदनं घाईघाईनं शर्ट चढवला. वृंदा दवाखान्याच्या दारात होती. मनसुखभाई म्हणाले, "शुभ काम आहे भाभी, जरा अंदर येऊ द्या." आणि नारळ शरदच्या हातात दिला.

तेवढ्यात जिन्यावरून कुलकर्णीकाकू. रेशमी साडी, मागे सून, मागे शैला, मागे आणखी कोण कोण. कुंकवाचा करंडा सुनेच्या हातात. पाडवा सगळ्यांच्या लक्षात होता.

काकू वृंदासमोर उभ्या राहिल्या. उजव्या हाताच्या बोटावर कुंकू घेतलं. हात उचलला. छाती. हनुवटी. थांबला. वृंदा उंच आहे काकूंपेक्षा. शैला म्हणाली, "वृंदा, वाक ना जरा." सून म्हणाली, "वाका ना हो थोडं." मी पडद्याआड नव्हते आज, बाहेरच होते, आणि मीही म्हणणार होते.

"मी वाकणार नाही," वृंदा म्हणाली. "काकू, आणा तुम्ही. घाई नाही."

काकूंनी डोळे मिटले. खांदा वर न चढवता, शिकवल्यासारखा, हात हळूहळू वर आला. बोट वृंदाच्या नाकाला लागलं, नाकावर रेघ उठली, मग दोन भुवयांच्या जरा खाली. टेकलं. तिथून वर नाही गेलं.

"लागलं?" काकूंनी डोळे मिटूनच विचारलं.

"लागलं. नाकावर," सून म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या, काकू रडतही होत्या. वृंदानं पुसलं नाही.

"कपाळाला आणखी महिना," ती म्हणाली. "उद्या चारला या." मग तशीच, नाकावर कुंकू घेऊन, मनसुखभाईंकडे वळली. "भाई, ही खोली रोज चार ते सात माझी आहे. माझा दवाखाना आहे. तुम्हाला दुसरी जागा बघावी लागेल. आणि तुमची मान दोन वर्षं तरी दुखतेय. दाखवायला या."

मनसुखभाईंनी सगळं अंग वळवून शरदकडे बघितलं. शरदनं वृंदाकडे. माझा भाऊ 'बघू' म्हणेल असं वाटलं. या खेपेला 'बघू' आलं नाही, नारळ नुसता या हातातून त्या हातात. मनसुखभाई हार मात्र आमच्या गुढीला घालून, "सांजे वात करीए," संध्याकाळी बोलू, म्हणून गेले. सांजे म्हणजे किती वाजता, कोणी विचारलं नाही.

आता बाकीचे जेवतायत. मी हे बाहेरच्या खोलीत वृंदाच्या टेबलावर बसून लिहितेय. शरद दारात उभा आहे, नारळ अजून हातात. मुहूर्ताचा नारळ, परत देता येत नाही, फोडावा तर कुणाच्या नावानं? भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा वाचतोय खालून वर.

आत्ता आई बाहेर आली. या खोलीत, पाटी लागल्यापासून पहिल्यांदा. तिनं रेघा बघितल्या, मग त्याला म्हणाली, "फोडूचो तर फोड, नायतर देवापुढे ठेव. हातात घेऊन काय उभो रवलंस?"